गाडी नसलेल्या टायरांची पूजा

दिल्लीत मी जो काही झालो तो साहेबांमुळे, असं मी बरीच वर्षं भेटेल त्याला सांगत असे. ते खोटं नव्हतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून बी.कॉम. होऊन मी आलो तेव्हा माझ्याजवळ आर. के. पुरममधल्या एका लांबच्या नातेवाइकाचा पत्ता होता आणि पुस्तकातलं इंग्रजी होतं. साहेबांनी मला त्यांच्या आयात-निर्यातीच्या ऑफिसात घेतलं. व्यवसायाचं पत्र कसं लिहायचं, फोनवर समोरच्याला आधी बोलू कसं द्यायचं, जेवताना सुरी कुठल्या हातात धरायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. दिल्लीतल्या पहिल्या थंडीत वहिनींनी मला स्वेटर दिला. साहेबांचाच होता, पण धुऊन, इस्त्री करून, कागदात बांधून दिला होता.

मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"गावच्या बसस्टँडसमोर पंक्चर काढतात," मी म्हणालो.

साहेब खुर्चीतून उठले आणि टेबलावरून हात पुढे करून त्यांनी माझा हात हातात घेतला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. असा हात मला आजवर कुणी दिला नव्हता. त्या एका हस्तांदोलनावर मी पुढची काही वर्षं सुट्टी न घेता काम केलं.

तो काळच असा होता की रोज काहीतरी नवीन उघडत होतं. आमचं ऑफिस कॅनॉट प्लेसच्या मागच्या एका जुन्या इमारतीतून उठून गुडगावला गेलं. खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची आणि त्या शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती. साहेबांनीही गुडगावात बंगला बांधला आणि त्यांची एक जुनी गाडी तिथल्या गॅरेजात येऊन बसली.

गाडी लाल होती. दोन माणसांपुरती, उघडी, बुटकी, विलायतेत शर्यतीसाठी बनलेली. चाकं तारांची, सायकलच्या चाकांसारखी. साहेबांच्या वडिलांनी ती मायदेशी परतणाऱ्या कुणा परदेशी वकिलातीतल्या माणसाकडून घेतली होती. इंजिन साहेबांनी दुरुस्त करून घेतलं होतं, गाद्या नव्या केल्या होत्या. राहिले होते फक्त टायर.

"जुन्या गाड्यांची रॅली आहे हिवाळ्यात," पावसाळ्याच्या सुरुवातीला एके दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं. "मला ओरिजिनल टायर पाहिजेत. पहिल्या दिवशी जसे होते तसे. तेच माप, तीच नक्षी, बाजूवर तीच उठावाची अक्षरं. तू शोध. तुझ्या रक्तातच आहे ते."

ते हसले, मीही हसलो. मला अभिमानच वाटला.

मग माझे शनिवार-रविवार टायरांत गेले. करोलबागेत गेलो, काश्मिरी गेटच्या गल्ल्यांत गेलो, मायापुरीच्या भंगार बाजारात तर गाड्यांच्या सांगाड्यांवरून चढून-उतरून पाहिलं. सगळीकडे एकच उत्तर मिळे. ॲम्बॅसिडरचं माप जवळपास तेच होतं, त्यामुळे बसणारे टायर ढिगाने होते. पण ते जाड, बोजड, सरकारी चालीचे. शर्यतीच्या गाडीचे टायर अरुंद, आणि त्यांच्यावर बारीक नागमोडी खाचा असत. तसे टायर बनवणं कधीच बंद झालं होतं.

करोलबागेतला एक सरदारजी मला तिसऱ्यांदा पाहून कंटाळला. "ओ बाबूजी, एंबेसडर का चढ़ा दो. गोल है, काला है, और टायर में क्या देखोगे? शादी करनी है उससे?"

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांग, ॲम्बॅसिडरचे टायर घातले की ती गाडी शर्यतीची राहत नाही, अंडर-सेक्रेटरीची होते."

दोन्ही बाजूंनी मलाच ऐकून घ्यावं लागत होतं, पण मला त्यात मजा येत होती. लहानपणी वडिलांच्या दुकानात मी ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसायचो. रबराचा वास आला की मला घरी असल्यासारखं वाटतं. बी.कॉम. झाल्यापासून ही गोष्ट कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

टायर सापडले ते गणपतीत. मराठी मंडळाच्या उत्सवात महाप्रसादाची रांग लागली होती. कँटोन्मेंटमधल्या जवानांची कुटुंबं, मयूर विहारकडची नोकरदार मंडळी, सगळे ताटं घेऊन उभे. मी ज्याला-त्याला टायरांचं विचारत होतो आणि लोक हसत होते. "अरे यार, इथे मोदक मिळतील, टायर नाही," असं एकजण म्हणाला. तेवढ्यात, माझ्या ताटात वरण पडत असताना, पुढच्या बाई मागे वळल्या. सुती साडी, पांढरे केस घट्ट बांधलेले.

"तारांच्या चाकांचे का?"

"हो."

"बारीक नक्षीचे? बाजूला इंग्रजी अक्षरं?"

मी ताटासकट पुढे झुकलो. "तेच, तेच."

"चार आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "ताट सरळ धर, वरण सांडतंय तुझं."

त्यांचा फ्लॅट मयूर विहारच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर होता. पती लष्करात मेजर होते, वारून बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. मागच्या बाल्कनीत लष्करी घोंगड्यांत गुंडाळून चार टायर उभे केले होते. काकूंनी घोंगड्या सोडल्या आणि मी खाली बसलो. कोरे होते. एकदाही रस्ता न पाहिलेले, रबर चिकटू नये म्हणून पावडर लावलेले, खाचा जशाच्या तशा. आणि प्रत्येकावर एकाच जागी हळदीकुंकवाचे डाग, थरावर थर.

"हे काय काकू?"

"दसऱ्याला पूजा करते ना. तुमच्याकडे नाही करत? गाडीची, अवजारांची?"

"करतात. पण गाडी…"

"गाडी नाही. टायर आहेत." त्यांनी हे अगदी सहज सांगितलं.

नंतर चहा घेताना त्यांनीच सांगितलं. मेजरसाहेबांकडे अशीच गाडी होती, हिरवी. टायर झिजले म्हणून त्यांनी विलायतेहून येणाऱ्या एका मित्राला नवे आणायला सांगितले. मध्येच त्यांची बदली सरहद्दीवर झाली, गाडी ठेवायला जागा नाही म्हणून ती विकावी लागली. टायर बोटीतून उतरले तेव्हा गाडी कलकत्त्याला कुणाच्या तरी दारात उभी होती. "मग म्हणाले, असू देत, गाडी परत घेईन. दर उन्हाळ्यात स्वतः पावडर लावायचे, जागा बदलून ठेवायचे, एकाच बाजूवर वजन नको म्हणून. मी म्हणायचे, अहो माझी कंबर दुखते तेव्हा एवढं नाही करत. तर म्हणायचे, तुझ्यावर गाडी उभी राहायची नाहीये."

त्या हसल्या. मला त्यांनी चहा मेजरसाहेबांच्या एनॅमलच्या मगात दिला होता. बाकी कप फुटके आहेत म्हणाल्या, पण कपाटाच्या काचेतून सोनेरी कडांचे कप मला दिसत होते.

पुढचे दोन रविवार मी गेलो. भाजी आणून दिली, पंखा दुरुस्त करवला. दुसऱ्या रविवारी तर त्यांनी न विचारताच माझ्या चहात दोन चमचे साखर घातली. काकूंना दिल्लीत मराठी बोलायला फार कुणी नव्हतं. "आमच्या वरच्या मजल्यावरची मुलं बिल्कुल मराठी विसरलीत," त्या म्हणायच्या. "घरात विळी आहे, पण तिला काय म्हणतात माहीत नाही." माझ्या तोंडचा एखादा मराठवाडी शब्द ऐकला की त्या खूश व्हायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या.

टायर विकायला त्या तयार नव्हत्या. "त्यांची वस्तू आहे. विकायची नाही. द्यायची असली तर चालेल, पण दसऱ्याला ती गाडी माझ्या दारात यायला पाहिजे. इथे, गेटपाशी. मी चार चाकांना हळदीकुंकू लावीन, ओवाळीन. एकदा तरी टायर गाडीला लागलेले असताना करायचंय. रंग कोणता म्हणालास?"

"लाल."

"अच्छा. आमची हिरवी होती. चालेल."

मी साहेबांना घेऊन गेलो. ते पेढ्यांचा डबा घेऊन आले, काकूंच्या पाया पडले, भिंतीवरच्या मेजरसाहेबांच्या फोटोसमोर हात जोडले. "काकू, दसऱ्याला सकाळी गाडी तुमच्या दारात. मी स्वतः चालवत आणतो. माझा शब्द."

"तुमचा शब्द मला काय माहीत," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "मी याला ओळखते."

परतताना गाडीत साहेब माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "कमाल केलीस." त्यांनी मला काकूंबद्दल सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. पावडर, बोट, कलकत्ता, हळदीकुंकवाचे थर. साहेबांना त्या वस्तूचं मोल कळावं, त्यांनी ते टायर जपावेत, म्हणून मी अगदी मन लावून सांगितलं.

टायर चढवले त्या दिवशी मी गॅरेजातच होतो. लाल गाडी त्यांच्यावर उभी राहिली आणि खरंच, ती एकदम दुसरीच दिसायला लागली. आजवर ती उसने जोडे घालून उभी असल्यासारखी दिसायची. मी मात्र अंगठ्याने रबर दाबून पाहिलं. बाजूला केसाएवढ्या चिरा होत्या.

"साहेब, रबर म्हातारं झालंय. वापरलं नसलं तरी कडक होतं. रॅलीत हळू चालवा. हायवेला तर नकोच."

"चालवायचंय कुणाला," साहेब गाडीभोवती फिरत म्हणाले.

मला तो विनोद वाटला.

दसऱ्याच्या चार-सहा दिवस आधी मी काही कागद द्यायला बंगल्यावर गेलो तर गॅरेज रिकामं. फरशीवर तेलाचा एक डाग तेवढा होता. साहेबांनी सांगितलं, गाडी त्यांच्या एका बिल्डर मित्राकडे ठेवली आहे. त्याच्या नव्या इमारतींच्या बुकिंगचा दसऱ्याला मुहूर्त आहे, तिथे शोभेला. "काकूंना तिथेच घेऊन ये. आपली ऑफिसची व्हॅन ने."

"पण त्यांना दारात पाहिजे होती. तुम्ही शब्द…"

"अरे, गुडगावहून मयूर विहारपर्यंत त्या टायरांवर गाडी आणू? तूच म्हणालास ना, रबर म्हातारं झालंय? रस्त्यात फुटला तर काकूंना काय सांगशील?"

माझंच वाक्य होतं. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी माझी सूचना लक्षात ठेवली याचाच मला आनंद झाला.

काकूंना पटवायला वेळ लागला. "दारात ठरलं होतं," त्या म्हणत राहिल्या. शेजारच्या बंगाली बाईंना, खालच्या पंजाबी कुटुंबाला त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी टायरांच्या चिरांचं सांगितलं. "मी स्वतः तुम्हाला नेतो, स्वतः परत आणतो. काही उणं झालं तर मला विचारा."

"बरं. तू म्हणतोस तर येते."

दसऱ्याला त्या तयार होऊन खाली उभ्या होत्या. पैठणी नव्हती, पण जरीची जुनी साडी होती, आणि हातात तबक. निरांजन, करंडा, फुलं, सुपारी आणि कचनारची पानं. दिल्लीत आपटा मिळत नाही. कचनारचं पान तसंच दिसतं, तेच आम्ही सोनं म्हणून वाटतो. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या झाडाची पानं त्यांनी पहाटे तोडून घेतली होती. व्हॅनमध्ये तबक मांडीवर धरून बसल्या, एकदाही टेकवलं नाही.

बिल्डरचं विक्रीचं ऑफिस म्हणजे उघड्या माळावर एक काचेची खोली होती. एसी, कारंजं, इमारतींची थर्माकोलची छोटी नक्कल. मधोमध संगमरवरी चौथऱ्यावर लाल गाडी, भोवती मखमली दोरी. सुटातली माणसं, त्यांच्या बायका, हातात सरबताचे ग्लास.

काकू सरळ चाकांकडे गेल्या. दोरीखालून वाकून गेल्या. पहारेकरी पुढे आला, मी त्याला थांबवलं. त्यांनी पुढच्या डाव्या टायरवर तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग मला म्हणाल्या, "बघ, वजन घेतलं की खालून कसे थोडे पसरतात. ते सांगायचे मला."

त्यांनी निरांजन लावलं. पहिल्या टायरला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, ओवाळलं. दुसऱ्याकडे वळत होत्या तेवढ्यात माइकचा आवाज आला.

साहेब होते. हिंदीत बोलत होते, छान रंगवून. "आपण घर विकत नाही, वारसा विकतो," असं काहीतरी. मग गाडीकडे हात करून म्हणाले, "ये टायर देखिए. एक फौजी अफ़सर ने समंदर पार से मँगवाए. गाड़ी बिक गई, टायर रह गए. उनकी विधवा ने बरसों इन टायरों की पूजा की." आणि पुढे सगळंच. बोट, कलकत्ता, उन्हाळ्यातली पावडर. लोक "वाह" म्हणाले. "और देखिए, वो माताजी ख़ुद आज हमारे बीच हैं."

सगळे वळले. फोटोग्राफर धावत आला. "आंटीजी, एक बार फिर से, थाली ज़रा ऊपर. इधर देख के."

माझ्या शेजारी एक जाडजूड माणूस हसत उभा होता. त्याच्या छातीवर बिल्डरच्या कंपनीचा बिल्ला होता. मालक तोच होता. तो मला म्हणाला, "टायर तुमने ढूँढे? शाबाश. मैंने तो गर्मियों में ही बोल दिया था, टायर ओरिजिनल लगा के दो, तभी गाड़ी लूँगा."

गर्मियों में. उन्हाळ्यात. म्हणजे मी करोलबागेत पहिल्यांदा पाऊल टाकण्याच्या आधी. रॅली नव्हतीच. साहेब पाया पडले, फोटोला हात जोडले, शब्द दिला, तेव्हा गाडी बिल्डरला विकायचं आधीच ठरलेलं होतं.

माइकवरून साहेबांनी मलाही पुढे बोलावलं. "हमारा लड़का. इसके फ़ादर पंक्चर बनाते हैं. ख़ून में है!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाखतीत ज्या गोष्टीसाठी त्यांनी उठून माझा हात धरला होता, तीच गोष्ट होती. मी जागचा हललो नाही.

काकू उभ्या राहिल्या. त्यांनी करंड्याचं झाकण लावलं. निरांजन हाताने विझवलं. फोटोग्राफर म्हणत होता, "आंटी, तीन बाक़ी हैं अभी." साहेब पुढे आले, "काकू, काय झालं? पूर्ण करा ना, सगळे बघतायत."

त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारलं, "पावडरचं तू सांगितलंस यांना?"

"हो काकू, पण मी…"

"चल, घरी सोड मला."

व्हॅनमध्ये त्या बसल्या नाहीत. आम्ही बसने आलो, धौला कुआँला बदलून. त्या बायकांच्या सीटवर, मी मागे उभा. रस्त्यात मी त्यांना सगळं सांगितलं. बिल्डर काय म्हणाला ते, रॅलीचं, मला काहीच माहीत नव्हतं हे. बसच्या आवाजात माझा आवाज मोठा होत गेला आणि जितका मोठा होत गेला तितका मलाच तो खोटा वाटायला लागला. त्यांनी मान हलवली. ऐकते आहे अशी, पटलं अशी नाही.

गेटपाशी बंगाली बाई आणि खालची मंडळी वाट बघत होती. "गाड़ी कहाँ है, माताजी?" काकू म्हणाल्या, "नहीं आई." मग तबकातली कचनारची पानं सगळ्यांना वाटली, मलाही एक दिलं, आणि जिना चढून गेल्या.

साहेबांकडे दर दसऱ्याला आम्ही ऑफिसमधली मराठी मंडळी सोनं द्यायला, पाया पडायला जायचो. त्या संध्याकाळी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये विचारलं, तेव्हा ते मनापासून चकित झाले. "फुकट पडलेले टायर होते. म्हातारीचा मान केला आपण. तुला कशाचा राग आलाय?" वर्ष संपायच्या आत मी दुसरीकडे नोकरी धरली. पंक्चरवाल्याच्या पोराला शिकवलं आणि त्याने पाठ फिरवली, असं ते मंडळात सांगतात हे माझ्या कानावर आलं. त्यांनी शिकवलेलं पत्र, फोन, सुरी-काटा, सगळं मी नव्या ठिकाणी वापरतच होतो, आणि ते परत करण्याची काही सोय नव्हती.

काकूंकडे मी पुढच्या रविवारी गेलो. भाजी घेऊन गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, या म्हणाल्या, बसवलं. बाल्कनीत घोंगड्या धुऊन वाळत घातल्या होत्या. मी पुन्हा एकदा सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "जाऊ दे, झालं ते झालं." रागाने नाही, चांगल्या आवाजात म्हणाल्या.

एनॅमलचा मग स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता. काकूंनी काचेचं कपाट उघडलं, सोनेरी कडांचा कप काढला, पुसला, बशीत ठेवला.

"साखर किती घालू?" त्यांनी विचारलं.